शेळगावची हिऱ्यांची खाण

सत्त्याण्णव सालच्या मार्चात शेळगावच्या चंद्राबाईंच्या नव्या विहिरीत, चाळीस फुटांवर, काळ्या पाषाणातून वीतभर रुंदीची पांढरी शीर निघाली. विहीर खोदणाऱ्या भिगवणच्या फारुकभाईंनी तिचा एक तुकडा वर आणला. तो नेमका चंद्राबाईंचे चुलतदीर दादासो यांच्या हाती पडला.

दादासो गावातल्या पाच संस्थांचे अध्यक्ष होते. त्यातल्या तीन फक्त त्यांच्या लेटरहेडवर होत्या. त्यांनी तुकडा उन्हात धरला आणि जाहीर केलं, "वहिनी, हिरा हाय ह्यो. काम थांबवा."

"आन् डाळिंबाला काय हिरं पाजू?" चंद्राबाई म्हणाल्या. नवऱ्यामागं एकटीनं लावलेली त्यांची बाग पाण्यावाचून माना टाकत होती. पण दादासोंनी रविवारचा समारंभ ठरवलासुद्धा: मांडव, इंदापूरचा फोटोग्राफर आणि खाण शोधल्याबद्दल स्वतःचा सत्कार.

फारुकभाईंची शबीना पुण्यात भूगर्भशास्त्र शिकत होती. सुट्टीत आली होती, म्हणून शनिवारी ते तिला विहिरीवर घेऊन आले. तिनं खाली उतरून विहिरीच्या कडा पाहिल्या. वर येऊन तुकड्यावर चाकूनं रेघ ओढली, सहज उमटली. मग लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे फसफसले.

"हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, काका. हा कॅल्साइट. चुन्याचा भाऊबंद."

"हितं चुना कुणी कालवला?" दादासोंनी विचारलं.

"पाण्यानं. हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. थंड होताना तो तडकला. भेगांत पाणी शिरलं, दगडातला चुना विरघळवत गेलं, आणि जाता जाता भेगेच्या कडांना थरावर थर बसवत गेलं. समुद्राच्या तळाचा दगडही असाच लाव्ह्याचा. जहाजावरून भोकं पाडून तो वर काढतात, त्यातही खाऱ्या पाण्यानं घडवलेल्या अशाच पांढऱ्या शिरा सापडतात."

"म्हंजे खाण पार समुद्रापातूर गेलीया म्हणा की!" दादासोंनी टाळीच वाजवली.

चंद्राबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. "पोरी, मग ते पाणी गेलं कुठं?"

"इथली वाट त्यानं स्वतःच बुजवलीय, काकी. पण उत्तरेच्या कडेला खाली एक भेग अर्धीच भरलीय. तिथं ओल आहे."

"फारुकभाई, सुरुंग तितंच घ्या."

हे ऐकताच दादासो दगड वर ओढणाऱ्या यारीच्या पाटीत बसून विहिरीत उतरले, सोबत खुर्ची. "माझ्या खाणीला कुनी हात लावायचा न्हाय!" दुपारभर ते तळाशी बसून राहिले. फारुकभाईंनी त्यांच्या पाठीमागंच भोकं पाडली, दारू ठासली.

चंद्राबाई वरून वाकल्या. "भावजी, बत्ती लावतोय. तुमी बसा निवांत."

दादासो एवढ्या चपळाईनं वर आले, की खुर्ची खालीच राहिली. धूर निवळला तेव्हा उत्तरेच्या भेगेतून मनगटाएवढी धार लागली होती. चंद्राबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि शबीनाला जवळ ओढलं.

रविवारी पाहुणे आले तेव्हा पांढरी शीर पाण्याखाली गेली होती. दादासोंनी एका दमात सत्काराचं जलपूजन केलं आणि माईक धरला. "हितं पानी हाय, हे मी पैल्यापासनंच सांगत होतो..."

मांडव बागेतल्या सखल वाफ्यात घातला होता. भाषण संपायची वाट न बघता चंद्राबाईंनी विहिरीवरचं पाण्याचं इंजिन चालू केलं. पाहुणे चपला हातात घेऊन बांधावर चढले. दादासो घोटाभर चिखलात उभं राहून बोलतच होते, आणि फोटोग्राफर डाळिंबांचे फोटो काढत होता.