रँडलचा देखणा किडा

माझा थोरला दीर रँडल तळ्यावर येतो तेव्हा आधी त्याची पेटी येते. ती उघडायचा एक सोहळा असतो. पिकअपच्या मागच्या फळीवर पेटी ठेवायची, घसा साफ करायचा, कोणी खाण्यात गुंतलंय का ते बघायचं आणि सगळ्यांच्या माना वळल्या की मगच झाकण वर करायचं. आत मासे पकडायला गळावर बांधलेले फोमचे नकली किडे, संचलनाला उभे असल्यासारखे ओळीत: बेडूक, नाकतोडे, चतुर. पाठीवर नारिंगी टिकल्या, चमकी, चितारलेले डोळे. आता, पाण्यावर तरंगणारा किडा मासा खालून बघतो. त्याला दिसतं ते पोट. रँडलच्या किड्यांचा सगळा साजशृंगार पाठीवर. तेव्हा ते कोणासाठी बांधलेले असतात हे ज्याचं त्याने ओळखावं. त्याच्या व्हिडिओंना तीन हजार माणसं बघायला येतात म्हणे. मासे किती येतात ते तो सांगत नाही.

किडे मीही बांधते. माझी मुलगी मार्नी दुपारची झोपली की स्वयंपाकघराच्या टेबलाला चिमटा लावते, त्यात गळ धरते, मुलांच्या हस्तकलेच्या फोमची पट्टी कापून त्यावर दोऱ्याने आवळते, दोन रबरी पाय घालते. संपलं. रूप विचारू नका. सासरी त्यांना किडे म्हणतच नाहीत, "लीएनचं ते काहीतरी" म्हणतात. गेल्या वर्षी माझ्या एका 'काहीतरी'वर डस्टिनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कोपरापर्यंत लांब बास मासा काढला. जेवताना त्याने भावाला सांगितलं की किडा तुझ्याच पेटीतला होता. का, तर उगाच वाद नको. आमच्या घरात वाद टाळायचं काम डस्टिनकडे आहे आणि त्याची किंमत द्यायचं माझ्याकडे.

मे महिन्यात ब्लूगिल काठाजवळच्या उथळ पाण्यात अंडी राखत बसतात. तळहाताएवढा मासा, पण त्या दिवसांत इतका चिडका की डोक्यावर काही पडलं की तुटून पडतो. म्हणून या घरात पाच वर्षं पूर्ण झालेल्या पोराने मदर्स डेच्या रविवारी, चर्चहून आल्यावर, आपला पहिला मासा काढायचा असतो. किडा घरातल्या थोरल्या भावाने, म्हणजे रँडलने, बांधलेला. मासा मिळेपर्यंत त्या काठीला, दोरीला, किड्याला दुसऱ्या कोणी बोट लावायचं नाही. लावलं तर तो मासा पोराचा धरत नाहीत.

यंदा मार्नीची पाळी होती.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्यापासून मार्नीला एक खोड लागली होती. बुटाची लेस एकदा सुटली, कात्रीने गोल एकदा वाकडा कापला गेला, की ती वस्तू हळूच खाली ठेवायची आणि म्हणायची, "मला जमत नाही." रडणं नाही, आदळआपट नाही. ठेवून द्यायचं. पुन्हा हात लावायचा नाही. बाईंनी दोनदा बोलावून सांगितलं. मी जे मिळेल ते वाचलं आणि वाचून आणखी घाबरले. मग तीन आठवडे रोज संध्याकाळी अंगणात दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून आम्ही काठी फिरवली. ही एक गोष्ट तिने खाली ठेवली नव्हती. पंधरा फुटांवरच्या बादलीत ती लोकर टाकत होती. एवढं एक टिकावं, इतकंच मला हवं होतं. मासा गेला खड्ड्यात.

त्या रविवारी मी तिच्या लाइफ जॅकेटची बक्कलं तीनदा ओढून बघितली, गळ लागू नये म्हणून तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, काठाच्या गवतात साप नाही ना म्हणून एक वाळकी फांदी आपटली. मग रँडलने बांधून आणलेला किडा बघितला. हिरवा नाकतोडा. तीन थरांचा फोम, सहा पाय, पाठीवर चमकी.

"रँडल, गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाक ना. मागे सगळ्यांची डोकी आहेत."

"हनी, काटा दाबला की मासा सुटतो. हे कॉलेजात शिकवत नाहीत."

"मी कॉलेजचं नावही नाही काढलं."

"काढावं लागत नाही. तोंडावरच दिसतं तुझ्या."

त्याची बायको शेली हसली. डस्टिन मसाला भरलेल्या अंड्याकडे असा बघत राहिला की जणू अंडंच काही बोलणार आहे. शेवटी सासूबाई, मिस वांडा, खुर्चीतून म्हणाल्या, "दाब रे बाबा. नाहीतर ही दिवसभर घारीसारखी घिरट्या घालेल."

त्याने काटा दाबला. माझ्यासाठी नव्हे, आईसाठी, हे सगळ्यांना कळेल असा उसासा टाकून.

मार्नीने काठी मागे नेली, थांबली, पुढे सोडली. किडा नेमका जिथे पडायचा तिथे पडला. पाण्यावर वर्तुळं उठली, विरली. आणि फट्! पाणी उडालं. मार्नीने ओढलं. किडा हवेत, मासा पाण्यात.

"घाई केलीस पोरी," रँडल म्हणाला. "फट् झालं की मनात 'एक मिसिसिपी' म्हण, तेवढा एक सेकंद जाऊ दे, मग ओढ."

पुन्हा फट्. मार्नी ओठ हलवून मिसिसिपी म्हणाली आणि तिने ओढलं. काही नाही.

"आता उशीर केलास."

तिसऱ्यांदा घाई. चौथ्यांदा उशीर. पाचव्यांदा मनगट वाकडं, सहाव्यांदा सावली पाण्यावर पडली. सातव्यांदा त्याला काहीच सुचेना तेव्हा तो शेलीकडे वळून म्हणाला, "मुलींचं लक्ष नसतं गं. आपल्या कोल्टने दुसऱ्याच फेकीत काढला होता."

"पहिल्या," शेली म्हणाली.

मी माझ्या मुलीचं मनगट बघत होते. त्याला काहीही झालेलं नव्हतं. मग किडा तिच्या बुटाजवळ गवतात येऊन पडला आणि मी वाकून, हात पाठीमागे बांधून, तो नीट बघितला. ब्लूगिलचं तोंड शर्टाच्या काजाएवढं. ते किड्यावर मिटलं तर गळाचं टोक त्याला लागायला हवं. त्यासाठी टोक आणि दांडी यांच्यामध्ये मोकळी जागा लागते. या राजबिंड्या नाकतोड्याच्या पोटाखाली तिसरा थर असा काही ठासून भरला होता की त्या जागेत गवताची काडीसुद्धा गेली नसती. मासे बिचारे स्पंज चावून परत जात होते. किडे बांधायला बसणाऱ्याला पहिल्या दिवशी जे सांगतात, ते हा तीन हजार माणसांचा गुरू जाड, देखणं काहीतरी दिसावं म्हणून विसरला होता. आणि दोष देत होता पाच वर्षांच्या पोरीला.

"रँडल, गळात जागाच नाही."

"जागा मुबलक आहे. हात चुकतोय."

"बघ तरी."

"मी बांधलाय, लीएन. बघू काय त्यात?"

डस्टिन म्हणाला, "सोड ना, लागेल एखादा."

अकरावी फेक. फट्. पाणी उडालं, विरलं. मार्नीने दोरी गोळा केली, मागे वळली आणि काठी माझ्यापुढे धरली.

"मला जमत नाही, मम्मा. तू ठेव."

ती रडत नव्हती. लेस सुटली की करते तोच चेहरा. मी काठी घेतली नाही. गुडघ्यावर बसले, पर्समधून नखं कापायची कात्री काढली आणि गवतातला किडा उचलला.

मग शेली म्हणाली, "हात लावला! तिने हात लावला!"

"ए, ए, ए," रँडल धावत आला. "तीन तास लागलेत मला त्याला!"

"दिसतंय," मी म्हटलं आणि पोटाचा थर कापायला लागले. हिरवे तुकडे माझ्या रविवारच्या फ्रॉकवर पडत होते. ओढाताणीत पाठीवरची चमकीही झडली. एक पायही तुटला. त्याचं मला वाईट वाटलं असं म्हटलं तर खोटं होईल.

"मग मासा लागला तरी तो तिचा धरणार नाही, सांगून ठेवतो. आई, तू बघतेस ना?"

"बघत्येय," मिस वांडा म्हणाल्या. कुठल्या बाजूने ते त्यांनी सांगितलं नाही. चहाचा ग्लास तेवढा हलवला, बर्फ वाजला.

"नका धरू," मी म्हटलं. मग मार्नीला म्हटलं, "इकडे बघ. हा गळ. माशाचं तोंड इथे बसायला हवं. इथे फोम होता, म्हणून तो बसत नव्हता. तू अकरा वेळा बरोबर केलंस. किडा चुकीचा बांधला होता."

"काकाने?"

मी रँडलकडे बघितलं. त्याला वाटलं असणार की आता मी सवयीने काहीतरी गुळमुळीत बोलेन. सहा वर्षं बोलत आले होते.

"हो. काकाने."

मार्नीने किडा बोटात धरून बराच वेळ बघितला. मग उभी राहिली. काठी मागे, थांबली, पुढे. लंगडा नाकतोडा तिरपा पडला, कुशीवर कलला. या वेळी फट् झालंच नाही, नुसता चुंबनासारखा बारीक आवाज आला आणि किडा पाण्यावरून नाहीसा झाला. काठी वाकली. मार्नी किंचाळली, मागे सरकली, चिखलात बसली, पण काठी सोडली नाही. मासा गोल गोल फिरत काठाला आला. पोटाला तांबूस, गालाजवळ निळसर, तिच्या दोन्ही तळव्यांत जेमतेम मावणारा, रागाने कल्ले हलवत. गळ बोट लावताच सुटला.

फोन काढून रँडल चिखलात उतरला. आवाजही बदलला, व्हिडिओतला झाला. "अशी वळ, बाळा. मासा वर धर. म्हण, रँडल काकाच्या किड्यावर पहिला मासा!"

"तू म्हणालास ना धरणार नाही?" मार्नीने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते... मोठ्यांचं असतं तसं बोलणं. हस बघू."

ती हसली नाही. त्याच्याकडे बघत तिने वाकून पाण्यात हात बुडवले आणि उघडले. रँडलच्या फोनवर मासा नाही, नुसतं गढूळ पाणी दिसलं.

"अगं! काय केलंस हे?"

"सोडला," मार्नी म्हणाली. "जरा सरक ना काका. काठी मागे नेताना लागेल तुला."

तो सरकला.