रुखमाबाईचा पाय

रुखमाबाई पायाळू. म्हणजे जन्मताना पाय आधी आले, डोकं मागून. एवढ्या एका कारणानं लहानपणी वीज कडाडली की, पायाळूवर पडेल म्हणून, तिला घरात कोंडून ठेवायचे, आणि शेजारचे लोक "पोरी, जमिनीतलं धन दिसते काय वं?" म्हणून विचारायचे. धन तिला कधी दिसलं नाही. पण कुणाच्या पाठीत उसण भरली, तिनं पाय लावला आणि तो माणूस उठून चालू लागला, असं मात्र खूपदा झालं. लग्न होऊन ती पिंपळगाव राजाला आली तेव्हा रुखवतापेक्षा याच गोष्टीची चर्चा जास्त झाली.

सकाळी तिच्या ओसरीवर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. रुखमाबाई हातातलं काम टाकून यायची, पदर खोचायची, डाव्या पायाचा अंगठा पाठीवरून हलकेच फिरवायची आणि म्हणायची, "उठ. मांगं पाहू नको." सरपंच असो की मास्तर, तिच्या पायाखाली सगळे सारखेच. बाईला याचा तोरा होता, आणि का नसावा? जन्मभर राबणाऱ्या बाईला गावानं दिलेला तेवढा एकच मान होता.

नवऱ्याचं मात्र वेगळं होतं. पंजाबराव ट्रॅक्टरवाला. दिवसभर ढेकळांत आदळत, मान वळवून मागचा नांगर बघत बसायचा, मग पाठ भरणारच. पण नवऱ्याला पाय लावायचा म्हणजे पाप. म्हणून पाय लावून झाला की रुखमाबाई लगेच वाकायची आणि त्याच्या दोन्ही पायांवर डोकं टेकवायची. पंजाबराव पालथा पडल्या पडल्या हसायचा. "वर्षभर भांडते, अन् उसण भरली का पाया पडते. मले तं उसणच बरी!" ती "चूप बसा" म्हणायची, पण रागावलेली नसायची. त्या दोघांत लाडाचं म्हणावं असं जे काही होतं, ते एवढंच.

यंदा हरभऱ्याच्या पेरणीच्या दिवसांत त्याचं दुखणं आलं ते वेगळंच. कमरेत सुरू होऊन कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट डाव्या अंगठ्यापर्यंत कळ जायची. खोकला आला तरी पायात करंट बसल्यासारखं व्हायचं. रुखमाबाईनं पाय लावला. थोडा आराम पडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"जोर लाव जरासा," पंजाबराव म्हणाला. मग म्हणाला, "उभीच राय पाठीवर."

"मले पाप लावता काय?"

"पाप माह्यावर. चढ तू."

ती खुंटीला धरून चढली. त्याच्या पाठीवर सगळा भार देऊन उभी राहिली, आणि त्यानं हुश्श केलं तेव्हा तिला बरंच वाटलं. मग रोजच चढू लागली.

सून सुचिता हे बघत होती. एक दिवस तिनं धीर केला. "आई, हे उसण नाई वाटत. आमच्या डोणगावच्या मामाले असंच झालतं. सायटिका म्हनतात त्याले, शीर दबते कमरेत. मामाले डॉक्टरनं पाठ कोनाले दाबू देऊ नका म्हनून सांगतलं. व्यायाम दिला, वाकून ओझं उचलनं बंद केलं. सुधारला तो. बाबाले दाखवून आनू ना."

रुखमाबाईला ते लागलं. पायाळूच्या घरचा माणूस पाठीसाठी डॉक्टरकडं गेला, तर उद्या ओसरीवर कोण येईल? हे ती बोलली नाही. "आपल्या मामाचं मामापाशी ठेव," एवढंच म्हणाली.

पंजाबरावानं बायकोकडं पाहिलं. "तू म्हनशीन तं जातो," तो म्हणाला.

ती पदर खोचून खुंटीकडं वळली. तिनं हो म्हणायला हवं होतं, आणि तिला ते तेव्हाही थोडंसं कळत होतं.

मग एका संध्याकाळी तो वावरातून आला, दारात उभा राहिला आणि सुचिता एकदम म्हणाली, "बाबा, तुमची चप्पल?" त्याच्या उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी, चिखलानं भरलेला, अंगठ्यात काटा घुसून रक्त आलेलं. चप्पल कुठं निघून पडली ते त्याला माहीत नव्हतं. काटाही माहीत नव्हता. "अबे, हे कवा झालं?" म्हणून तो स्वतःच्या पायाकडं परक्याच्या पायाकडं बघावं तसा बघत राहिला. पंजा उचलायला गेला तर पंजा उचलेना.

त्याच रात्री मुलगा, हरिओम, त्यांना गाडीत घालून खामगावला घेऊन गेला.

डॉक्टरांनी पायावर टाचणी टोचून बघितली, फोटो काढायला लावले. मग विचारलं, "पाठ कुणी दाबली, तुडवली का?"

रुखमाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"नाई जी," पंजाबराव म्हणाला. "कोनंच नाई."

डॉक्टर म्हणाले, पाय बधिर व्हायला लागला तेव्हाच यायला हवं होतं. पंजा पडला की थांबायचं नसतं. ऑपरेशन करू, दुखणं जाईल. पायातली ताकद येईल की नाही, सांगता येत नाही. तुडवण्यानं झालं की आधीच व्हायचं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि रुखमाबाईनं विचारलंही नाही. उशीर मात्र तिचाच होता. तेवढं सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

ऑपरेशन झालं. कळ गेली. व्यायाम शिकवणारी फिजा नावाची पोरगी होती, तिनं रुखमाबाईलाच जवळ बसवलं. "मावशी, उठताना कुशीवर वळवायचं, मग हाताच्या आधारानं उठवायचं. खाली बसू द्यायचं नाही, खुर्ची द्या. ट्रॅक्टर बंद. काही उचलायचं तर गुडघ्यातून, कमरेतून नाही. आणि पाय रोज डोळ्यांनी पाहा. त्यांना कळत नाही ना, जखम झाली तर तुम्हालाच दिसली पाहिजे."

तेव्हापासून रोज सकाळी रुखमाबाई तो डावा पाय मांडीवर घेते. तळवा धुते, बोटांमधून बघते, पंजा हातानं वर वाकवून धरते. ट्रॅक्टर दुसराच कुणी चालवतो. ओसरीवर लोक अजून येतात.

परवा वामनरावांची सून आली. कंबर धरून, लंगडत. "मावशी, पाय लावा जी. मांडीतून कळ जाऊन राह्यली खालपर्यंत."

"माह्या पायात काही नाई, माय," रुखमाबाई म्हणाली. "आजच्या आज खामगावले जाय. थांबू नको." बाई नाराज होऊन गेली. आता गावभर होणार होतं. होऊ दे, तिनं म्हटलं, आणि आत आली.

पंजाबराव खाटेवर उताणा पडून आढ्याकडं बघत होता. तिनं त्याचा डावा पाय धुतला, पुसला, वाकवला, सरळ केला. मग तिला राहवलं नाही. ती खाली बसली आणि त्या पायावर डोकं टेकवून रडू लागली, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. पायाचा तळवा भिजला.

वरून आवाज आला, "रुखमे, थांबली काऊन? झाला काय व्यायाम?"

तिनं तोंडातला पदर आणखी दाबला.

"उसण गेली अन् माहा मान बी गेला बग," तो म्हणाला, जुन्याच चेष्टेच्या सुरात. "कवाची पाया नाई पडली तू."

रुखमाबाईनं डोकं उचललं. पदरानं त्याचा डावा पाय कोरडा केला, खाटेवर नीट ठेवला. "पडते न. थांबा," ती म्हणाली, आणि सरकून उजव्या पायावर डोकं ठेवलं.

"हां," पंजाबराव हसला. "आता पडली."