टाके घट्ट असलेला स्कार्फ

मित्रांनो, मी एक जुने, पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. वय वाढले की मन मोठे होते म्हणतात. माझे झाले नाही. मी डूख धरून आहे, आणि तो का, हे तुम्हाला सांगणार आहे.

माझी पहिली वर्षे शाळेचे गणवेश शिवण्यात गेली. मग टीव्हीच्या मालिका बनवणाऱ्या एका स्टुडिओने मला घेतले आणि कपडेपटाच्या खोलीत खिडकीपाशी ठेवले. शेजारी विजेवर चालणारी दोन नवी मशीन होती. ती झरझर पळायची, पण सुपरहिरोचे रबरी चिलखत समोर आले की त्यांच्या सुया मोडायच्या. मग सगळे म्हणायचे, "म्हातारीवर टाका." म्हातारी म्हणजे मी.

माझ्यावर आपा बसायची. सगळा स्टुडिओ तिला आपाच म्हणे. डोक्याला स्कार्फ बांधलेला, ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणे कमीच.

नायकाचा पोशाख शिवायला आम्हाला दहा दिवस मिळत. खलनायकाचा एका दुपारी उरकायचा. लांब काळा झगा, खोटी दाढी, कमरेला रबरी सुरा. तो झगा बहुतेक वेळा आपाच्या धाकट्या भावाच्या अंगावर जाई. भाऊ गुणी नट होता, पण त्याचे मुसलमान नाव ऐकले की लोक आधी झगाच मागवत. तो घालून तो काहीबाही ओरडायचा आणि बाराव्या मिनिटाला मरायचा.

एकदा त्याची मुलगी शाळेतून थेट आमच्या खोलीत आली. तिच्या बाकावर कोणी बसेना. "तुझ्या बाबांनी दप्तरात बॉम्ब ठेवलाय का?" असे वर्गात विचारले होते. आपाने तिचे डोळे पुसले आणि त्या दिवशी माझे पायडल असे दाबले की पट्टाच निसटला. मित्रांनो, ते सगळे झगे मी शिवले होते. ते मला आजही टोचते.

दोन वर्षांनी नवी मालिका आली. तिची सुपरहिरो एक मुसलमान मुलगी होती, स्कार्फ बांधणारी. दिग्दर्शक स्वतः आमच्या खोलीत आले. म्हणाले, "आपा, हा पोशाख तुमच्याच हातचा हवा."

आपाला आभाळ ठेंगणे झाले. तिने न जळणारे निळे कापड आणवले, चार नमुने फाडून पाचवा पसंत केला. कोलांटी मारली तरी स्कार्फ हलत नसे. मालिका गाजली. भाचीच्या बाकावर आता दोघी दोघी दाटीवाटीने बसू लागल्या.

मग शेवटच्या भागाचे कागद आले. जळत्या महालात नायिका स्कार्फ ओढून काढते, आगीत फेकते आणि तेव्हाच तिची खरी ताकद जागी होते. आम्हाला हुकूम आला : स्कार्फला टिचबटणे लावा, एका झटक्यात निघाला पाहिजे.

आपाने ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि दिग्दर्शकांना गाठले.

"साहेब, आजवर ती उडाली, भिंती फोडल्या, ते स्कार्फ बांधूनच ना? मग तिची ताकद अडली कुठे?"

"आपा," ते हसून म्हणाले, "तुम्ही शिवा. गोष्ट आम्ही सांगतो."

खोलीतली आणखीही माणसे हसली. आपा परत येऊन माझ्यासमोर बसली. टिचबटणांची डबी तिने कचऱ्यात टाकली. मला सर्वांत जाड सुई लावली, नायलॉनचा दोरा ओवला आणि स्कार्फची कड चिलखताच्या गळ्यात आतून घातली. एक शिवण, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. दोनदा सुई मोडली. माझे लोखंड तापले, पण मी टाका सोडला नाही. इतक्या आनंदाने मी आयुष्यात शिवले नव्हते.

सकाळी नायिका चिलखत चढवायला आली. तिची बोटे गळ्यापाशी थबकली.

"आपा, घट्ट आहे हे."

"असू दे."

तिने आरशातून आपाकडे पाहिले. "असू दे," तीही म्हणाली.

महाल एकदाच जाळता येणार होता. पुढचे मी आल्यागेल्याकडून ऐकले. ज्वाळा चढल्या, नायिकेने स्कार्फ ओढला. निघेना. पुन्हा ओढला. दिग्दर्शक ओरडून ओरडून लाल झाले. तिने हात खाली घेतले आणि स्कार्फसकट आगीतून चालत जाऊन शत्रूला लोळवले. महालाची राख झाली. तेवढेच चित्रण हाती उरले.

दिग्दर्शक तणतणत खोलीत आले.

"हे कोणी केलं?"

"मी. तुम्हीच म्हणालात ना, तुम्ही शिवा म्हणून."

त्यांनी तिला तिथल्या तिथे काढून टाकले आणि मला लाथ मारली. माझे पायडल त्या लाथेने अजून वाकडे आहे. मला अडगळीत टाकले. तिथे गंजत पडले असताना मी ऐकले की त्याच प्रसंगाला मोठे पारितोषिक मिळाले. मंचावर साहेब म्हणाले, "तो स्कार्फ डोक्यावरच राहावा, म्हणून मी भांडलो." आपाचे नावही घेतले नाही. मित्रांनो, लाथ मी एक वेळ विसरेन.

पण पुढच्या वर्षी मालिकेचे नवे पर्व निघाले आणि नायिका अडून बसली. आपाशिवाय कोणी शिवलेले अंगाला लावणार नाही, म्हणाली. दिग्दर्शकांना आपाच्या दारी जावे लागले. आपाने त्यांना बसा म्हटले नाही. दोनच अटी घातल्या.

"म्हातारीला बाहेर काढा. आणि या वेळी माझा भाऊ मरणार नाही."

भाऊ नायिकेचा गणिताचा मास्तर झाला. त्याचा साधा राखाडी कोट आम्ही दहा दिवस घेऊन शिवला. पहिल्याच प्रसंगात कोणीतरी दार आपटले आणि सवयीने तो छाती धरून खाली कोसळला. सगळे हसले. आपा हसली नाही. तिने त्याला उठवले, कोट झटकला आणि म्हणाली, "उभा राहा. आता उभंच राहायचंय."

दिग्दर्शकांनी माझी माफी मागितलेली नाही, आणि मीही दिलेली नाही. माझी विनंती एवढीच, मित्रांनो : घरच्या मशीनला वेळेवर तेल घाला, आणि शिवणाऱ्या माणसाचे बोलणे ऐकून घ्या. तो अचानक गप्प झाला, तर आपले टाके तपासून पाहा.