डाव्या हाताचा बिबा

किन्हीराजा गावातल्या त्या घरी उन्हाळा बिब्याच्या वासानेच यायचा. होळी झाली की व्यापाऱ्याची पोती ओसरीवर येऊन पडत आणि सोजरबाई दगड मांडून बसे. बिबा दगडावर धरायचा, वरून हातोडी घालायची, आतली गोडंबी अलगद काढायची आणि उडणाऱ्या काळ्या तेलापासून अंग राखायचं, एवढंच ते काम. यंदा तिच्या जोडीला विजयमाला होती. आसेगावची पोर, माघात लग्न होऊन या घरी आलेली. तिच्या माहेरी बिबा लागे तो फक्त टाचेच्या भेगेत भरायला.

सोजरबाई हाताला जवसाचं तेल आणि राख चोळून कामाला बसायची. पहिल्या दिवशी सुनेने तेलाच्या वाटीकडे हात नेला, तशी तिने वाटी अलीकडे ओढली.

"नव्या हातानं कोरडंच बसा लागते. एकडाव खाऊ दे त्याले हात. मंग जल्मात उतत नाई."

बिबा उतला की कातडी सुजते, पाण्याचे फोड येतात, हे विजयमालालाही ठाऊक होतं. पण सासूलाही तिच्या सासूने असंच कोरडं बसवलं होतं, त्यापुढे बोलायचं काय? ती रोज संध्याकाळी तळहात उलटेपालटे करून बघायची. काळे डाग पडले होते, फोड मात्र एकही नव्हता.

"पाह्य, तुह्या हाताले मानला बिबा," सोजरबाई कौतुकाने म्हणाली.

खाज सुरू झाली ती भलतीकडेच, शौचाच्या जागी. जिचं नावही घ्यायची चोरी. आधी तिला उन्हाची उष्णता वाटली, मग ठेच्यातली मिरची. तिने ठेचा सोडला. मग वाटलं, आपलीच स्वच्छता कमी पडते. म्हणून ती नाल्यावर गेली की माती घेऊन खसाखसा घासू लागली. त्याने आगीत तेल पडलं. कातडी सोलली, लस येऊ लागली, लुगडं चिकटू लागलं. बसताना ती एका कुल्ल्यावर भार देऊन बसायची. रात्री ओठ दाताखाली धरायची. शेवटी नवऱ्याने, जगदेवने विचारलं आणि तिने सांगितलं. त्याने ते सकाळी आईच्या कानावर घातलं.

"जंत असन," म्हणत सोजरबाईने वावडिंगाचा काढा पाजला. गुण आला नाही. मग तिने प्रयागबाईला बोलावलं. गावात धुरी द्यायची ती हीच.

प्रयागबाईने काही पाहिलं नाही, नुसतं ऐकलं आणि सुपारी कातरत राहिली. "दिसत नाई असा किडा हाये तो. आंत घर करते. बिब्याची धुरी द्या लागन. शनवारी इस्तो करतो, त्यावर बिबे टाकतो, वर सुतळी काढलेल्या बाजीवर बसवतो, वरून घोंगडं. झालं!"

"लय भाजते काय वं मावशी?" विजयमालाने विचारलं.

"मांगच्या साली देवलाच्या बायकोले देल्ली. दाताले दात लावून बसली बिचारी. मंग तिनं कदी खाजोलं नाई."

"आता बरी हाये ते?"

प्रयागबाई हसली. "आता? गेली ना बापा ते. अंगभर फोड आले, ताप चढला. पन खाज नोती जातानी, हे खरं."

सोजरबाईही हसली. विजयमाला मात्र बोटांवर दिवस मोजू लागली. शनिवार जवळ येत होता.

त्याच आठवड्यात पोती संपली. नवा माल यायचा होता म्हणून दगड रिकामे पडले, आणि तिची आग कमी झाली. तिने नीट लक्ष दिलं. बिबा नाही, तर खाज कमी. ती ओसरीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. उजवा, हातोडीचा, बराचसा स्वच्छ होता. बिबा धरायचा तो डावा, आणि त्याच्या रेषारेषांत डांबरासारखं काळं बसलेलं. धुतलं तरी ते जात नव्हतं; पाण्याने ते निघतच नाही. आणि नाल्यावर धुवायला रोज लागतो तोही डावाच.

पण मग तळहाताला फोड का नाही? टाचेत गरम बिबा भरतात तेव्हा टाच हूं की चूं करत नाही, हे तिला आठवलं. तोच थेंब एकदा भावाच्या गालावर उडाला, तर गाल टरारून फुगला होता. जाड कातडी सोसते, नाजूक सोसत नाही. तिने डाव्या अंगठ्याने उजव्या हाताच्या कोपराआतली कोवळी कातडी चोळली आणि वाट पाहिली.

शनिवारी सकाळी तिथे लाल चट्टा होता, त्यावर बारीक पाणीदार फोड, आणि खाज. तिने ती लगेच ओळखली. तीच होती.

दुपारी परसात विस्तव फुलला. सुपात बिबे ठेवले होते. बाजेची सुतळी मधून कापलेली होती. प्रयागबाईने घोंगडं झटकलं. "ये वं पोरी, लाजतं कायले?"

विजयमालाने पदर सारून हात सासूपुढे धरला. "आत्याबाई, हे काय हाये?"

"बिबा उतला," सोजरबाई पाहताक्षणी म्हणाली.

"डाव्या हातानं मीच लावला. याच हातानं मी धुतो. आन् त्याच बिब्याचा धूर तुमी तिथंच देता काय?"

"हाताचं येगळं, खालचं येगळं," प्रयागबाई म्हणाली. "बस तू."

सोजरबाईने स्वतःचा डावा हात उलटा करून पाहिला. राखेने आणि तेलाने तो तुकतुकीत होता. मग आत जाऊन तिने खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला, चावून त्याचा लगदा सुनेच्या चट्ट्यावर दाबला आणि खोबरेलाची वाटी तिच्या हातात दिली. "आंत जाय. हात पयले तेलानं पुस, मंग धू. तिथं माती लावू नको, घासू नको. निरं पानी घे, कोरडं कर आन् हे तेल लाव." बाहेर पाहून ती म्हणाली, "प्रयागबाई, राहू द्या."

आतल्या अंधारात विजयमालाने हात तेलाने पुसून धुतले, मग तेल लावलं. ती परत परसात आली तेव्हा बाज तिथेच होती. विस्तवाची पाटी, सूप आणि घोंगडं मात्र नव्हतं.

"गेली काय मावशी?"

"रामरावच्या घरी गेली. त्याच्या सुनेलेही तेच होऊन राह्यलं."

"ते बी बिबे फोडते?"

"यंदाच बसली दगडावर." सोजरबाईने मान वळवली. "कोरडी."

विजयमाला धावली. पायात अंतर ठेवून, प्रत्येक पावलाला कातडी ताणली जात असताना, उजवा हात उघडा धरून ती गल्लीतून धावली. रामरावचं दार आतून लावलेलं होतं. कौलांतून काळा धूर निघत होता आणि त्याला तोच वास होता. तिने दारावर दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या. आतून कोणीतरी, दात आवळून, कण्हत होतं.