पहिल्या घावाचा मान

सकाळचे ऊन आमच्या गावात घाईने येत नाही. आधी ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसते. मग बाभळीच्या शेंड्यांतून गाळून निघत शाळेच्या पत्र्यांवर उतरते, अंगणात वाळत घातलेल्या तुरीवर किंचित रेंगाळते, आणि सर्वांत शेवटी जुन्या हवालातीच्या काळ्या दगडांपाशी पोहोचते. त्या सकाळी ते पोहोचले तेव्हा भिंतीपुढे अवघे गाव उभे होते आणि मागे जेसीबी घुरघुरत होता.

ही हवालात निजामाच्या अमलात बांधलेली. राज्य बदलले, पण तिथला मार बदलला नाही. आता वापरात नसली तरी ती गावात उभी नको, असे ग्रामसभेने एकमताने ठरवले होते.

"यंत्र नंतर," सरपंच महारुद्र म्हणाले. "जो आत राहून आला, पहिला घाव त्याचा."

आमच्याकडे पोळ्याला कोणाचा बैल आधी निघावा यावरून वर्षभर अबोला चालतो. इथेही मानच होता. माणिकराव लगेच पुढे सरसावले.

"मीबी एक रात काढलीय आत."

"पिऊन पडले होते तुमी," सुलाबाई म्हणाल्या. "दार उघडंच होतं. शिपायानं चहा पाजून घरी धाडलं."

हशा पिकला. मी मात्र वडिलांकडे पाहत होतो. नामांतराच्या वर्षी आमच्या वस्तीतली पोरे धरून नेली, त्यांत तेही होते, असे लोक म्हणत. मी ते मानले नव्हते. इतके सहज, पोट धरून हसणारा माणूस त्या दारातून आत गेलेला असूच शकत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्यांनी पुढे होऊ नये, एवढेच मला हवे होते.

"सितारामा, ये की रे," सुलाबाईंनी वडिलांना हाक मारली. "का पत्रिका छापावी लागंल?"

"बाबा, राहू द्या ना," मी हळूच म्हणालो.

"का? भिंत तुजी हाय का?" असे म्हणून ते निघालेसुद्धा.

त्यांनी घण उचलला. घाव गुडघ्याएवढ्या उंचीवर बसला. दुसराही तिथेच.

"भिंत पाडायलास का चूल सारवायलास?" सुलाबाईंनी विचारले.

"खांद्याच्या वर हात जात न्हाई, वैनी," वडील हसत म्हणाले. "आतच ठेवून आलोय. आज सापडला तर बघतो."

सुलाबाई पदराने डोळे पुसत हसल्या. तिसऱ्या घावाला एक दगड निसटला, हलगी कडाडली, आणि दुसरा मान आपलाच म्हणून माणिकराव पुन्हा भांडू लागले. त्या गलक्यात वडिलांनी घणाचा दांडा माझ्या हाती दिला.

"धर. वरचे दगड तुज्याच्यानं निघतील."

जिथवर त्यांचा हात पोहोचत नव्हता, तिथे मी घाव घातला. माझ्या वडिलांना इथे मारले होते.