घुमटीतली निराई

मित्रांनो, मी एक जुनी झिलईची टाइल आहे. एक वीत लांब, एक वीत रुंद, रंग नीलकंठाच्या पंखासारखा. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा नम्र असतात. मला ते जमेल का, याची शंकाच आहे. भिंतीत बसून फार वर्षं माणसं पाहिली की त्यांच्याविषयीचा आदर टिकवणं अवघड होतं.

गारगोटीचं पीठ, थोडी माती, झाडपाल्याची राख आणि तांब्याचा किस यांतून माझा जन्म झाला. राखेने मला काचेसारखी झिलई दिली, तांब्याने रंग दिला. भट्टीतून काढताना कारागिराने घाई केली आणि माझ्या अंगावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या. त्याने मला उलटून पाहिलं आणि म्हणाला, "चालेल." माझ्याविषयी माणसाने काढलेला हा पहिला शब्द. पुढे याहून चांगला शब्द फार क्वचित ऐकायला मिळाला.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या पुढे धानाच्या बांध्यांमध्ये एक तलाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, गावाची लाज राखते. त्या तलावाच्या पाळीवर दगडाची छोटी घुमटी आहे. तिच्या आतल्या भिंतीत आम्हा चाळीस बहिणींना चुन्यात बसवलं. घुमटी कोणी बांधली यावर गावात तीन मतं आहेत आणि तिन्ही मतांची माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. मी तिथे होते. बांधणाऱ्याने आपलं नाव सांगितलं नाही, मजुरांवर मात्र पुष्कळ ओरडला.

सुरुवातीला लोक थांबून आम्हाला बघत. मग बघणं कमी झालं आणि नेम धरणं सुरू झालं. गुराख्यांनी खडे मारून सहा बहिणी फोडल्या. एका शहाण्याने अकरा जणी उपटून चुलीमागे लावल्या, तिथे त्या वर्षभरात काळ्या पडल्या. बाकीच्या ओलीने गळल्या. शेवटी मी एकटी उरले. सर्वांत सुंदर होते म्हणून नव्हे, कोपऱ्यात होते म्हणून.

आणि मग एके दिवशी मी देवी झाले. कोणा बाईचा ताप उतरला, तिने मला शेंदूर लावला, आणि झालं. इकडच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून निळी ती निरी, आणि माझं नाव पडलं निराई. मी गारगोटी आणि राख आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण? दर चैत्रात तेलात कालवलेला शेंदूर माझ्या अंगावर चढू लागला. माझा निळा रंग दिसेनासा झाला आणि भक्ती वाढली.

आताशा हे काम जमुनाबाईकडे होतं. साठीची, काटक, तोंडाने फटकळ. ती रोज पाळीवर यायची, घुमटी झाडायची, पाकोळ्यांची घाण काढायची. मित्रांनो, माणसांविषयी मी कितीही वाईट बोलले तरी ही एक ओळ वेगळी ठेवा.

गेल्या वर्षी सरपंच केशोरावांच्या मनात आलं की घुमटी पाडावी आणि त्या जागी सिमेंटचं मंदिर बांधावं. खाली गुळगुळीत फरशी, भिंतीला गोंदियाहून आणलेल्या चकचकीत टाइल्स, दारावर कमान आणि कमानीवर केशोराव. नमुन्याच्या टाइल्स त्यांनी माझ्यासमोरच मांडून दाखवल्या. एकीवर उडणारा मासा छापला होता. मासा उडत का होता, हे तिला विचारलं असतं, पण असल्यांशी मी बोलत नाही.

जमुनाबाई आडवी आली. ग्रामसभेत म्हणाली, "निराई पुरानी आहे. तिले हात नाही लावू देत मी."

"कोन म्हन्ते पुरानी?" केशोराव म्हणाले. "तुया आज्यानं सांगतलं? साहेब बलावतो शहरातून, मशीनवाला. तो पुरानी म्हनन त मी हात नाही लावत. नवी म्हनन त सोमवारी जेसीबी. कबूल?"

जमुनाबाईने सगळ्यांसमोर मान डोलावली. तेव्हापासून माझं मरण-जगणं एका माणसाच्या शब्दावर टांगलं गेलं, आणि माणसाच्या शब्दाची किंमत मला ठाऊक होती.

साहेब यायच्या आदल्या दिवशी जमुनाबाईने राख आणि चिंच घेऊन मला घासघास घासलं. मागे एक अधिकारी शेंदूर पाहून तिच्यावर ओरडला होता, त्याची तिला धास्ती होती. कित्येक वर्षांनी मी पुन्हा निळी झाले. वरून. भेगांत शिरलेला शेंदूर मात्र तसाच राहिला. तो डोळ्यांना दिसत नव्हता.

डॉक्टर चंद्रकुमार आले. जुन्या टाइल्स आणि भांड्यांचे अभ्यासक. सोबत त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अल्का रामटेके नावाच्या बाई होत्या, ज्यांच्याकडे सर्व सामान, सर्व नोंदी आणि डॉक्टरांची टोपी होती. डॉक्टरांपाशी पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. ते अंगाला टेकवलं की वस्तूत कोणकोणते धातू आहेत ते आकड्यांत दिसतं. यंत्र चांगलं होतं. मी यंत्राला दोष देत नाही.

डॉक्टरांनी जमुनाबाईला विचारलं, "याला कधी रंग वगैरे दिला होता का?"

"नाही जी," जमुनाबाई म्हणाली. "रंग नाही देल्ला."

"शाबास." त्यांनी यंत्र माझ्या पोटाला टेकवलं, पडद्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "शिसं! भरपूर शिसं आहे. जुने कारागीर अशी निळी झिलई राखेची करायचे, त्यात शिसं जवळजवळ नसतं. ही विलायती कारखान्याची. शंभर वर्षांच्या आतली. मशीन झूठ नाही बोलत."

सगळे हसले. केशोराव सर्वांत मोठ्याने.

"काऊन जमुनाबाई, तुयी देवी त विलायती निंगाली! आता तिले चहा-बिस्कुटाचा निवद दाखव."

मित्रांनो, मला राग आला नाही. राग बरोबरीच्यांचा येतो. एका माणसाने चुकीचा प्रश्न विचारला, दुसरीने त्याचं खरं उत्तर दिलं, आणि त्यावर साडेतीनशे वर्षांचा निकाल लागला. याला ते अभ्यास म्हणत होते.

मंडळी केशोरावांकडे पोहे खायला गेली. अल्काबाई सामान भरायला मागे राहिल्या. जमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, नुसती नखं खरवडत होती. अल्काबाईंचं लक्ष त्या नखांकडे गेलं. कडा नारिंगी होत्या.

"मावशी, नखात काय आहे हे?"

"शेंदूर."

"कुठला?"

"निराईचा. दर चैतात चढवतो ना आम्ही."

अल्काबाई थांबल्या. "पण साहेबांना तर सांगितलं, रंग नाही दिला."

"मंग? शेंदूर का रंग होय का, बाई?" जमुनाबाई चिडली. "रंग त बैलाच्या शिंगाले देतेत. शेंदूर चढवतेत."

अल्काबाईंनी कपाळावर हात मारला. "मावशी, शेंदूर शिशापासून करतात. यंत्राने निराई नाही मोजली, तुमचा शेंदूर मोजला."

"म्हंजे माह्यानंच विलायती झाली ते?"

अल्काबाईंनी यंत्र पेटीत ठेवलं. त्या धावत डॉक्टरांना सांगायला गेल्या आणि थोड्या वेळाने हळूहळू परत आल्या. डॉक्टर म्हणाले होते की टाइल स्वच्छ होती, आपण डोळ्यांनी पाहिली, आणि तुम्ही आधी सामान भरा. पोह्यांत लिंबू पिळता पिळता म्हणाले असणार.

अल्काबाईंनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. माझी वरची दोन बोटं रुंदीची पट्टी चुन्याच्या जाड गिलाव्याखाली दबलेली होती, बांधलेल्या दिवसापासून. तिथे शेंदूर कधी पोचलाच नव्हता.

"इथला चुना काढला, तर खालची झिलई कोरी मिळेल. पण मावशी, हिला धरून ठेवलंय ते याच चुन्याने. काढताना निसटली तर गेली. मी नाही ठरवू शकत."

जमुनाबाई पदर खोचून उठली. मग कमरेचा विळा काढला.

"सोमवारी जेसीबीनं फुटन, त्यापरीस माह्या हातानं फुटली त फुटली."

विळ्याच्या टोकाने ती चुना टोकरू लागली. डावा तळहात तिने माझ्याखाली धरला होता. गिलावा कणाकणाने पडत होता. आणि मी हलले. शेकडो वर्षांत प्रथमच हलले. एका कोपऱ्याचा टवका उडाला, मी पुढे झुकले, आणि तिच्या तळहातावर टेकले. तो हात खाली गेला नाही.

"धरून ठेवा, मावशी," म्हणत अल्काबाईंनी यंत्र पेटीतून काढलं आणि माझ्या उघड्या पट्टीला टेकवलं. पडद्यावर तांबं आलं. शिसं नावापुरतंही आलं नाही. त्यांनी तीनदा मोजलं, आणि तिन्ही वेळा तेच.

पोहे आटोपून डॉक्टर हात पुसत आले, मागे केशोराव आणि गाव. आकडे पाहिले, पट्टी पाहिली, मग स्वतः दोनदा मोजलं. त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं की, माझं चुकलं. दोन शब्द. त्याऐवजी ते म्हणाले, "हां, म्हणजे आमच्या पहिल्या निरीक्षणात पृष्ठभागावरील प्रदूषणाचा परिणाम संभवतो." जमुनाबाईच्या भक्तीला त्यांनी प्रदूषण म्हटलं आणि स्वतःच्या चुकीला निरीक्षण. मोठी माणसं.

"सिधी गोष्ट बोला ना, साहेब," केशोराव म्हणाले. "पुरानी का नवी?"

"नेमकं वय यंत्र सांगत नाही. पण कारखान्याची नाही. जुन्या हाताची आहे."

गाव आता केशोरावांकडे बघून हसू लागलं. तेच गाव, तेच दात. शब्द दिला होता, म्हणून जेसीबी आली नाही. मंदिर पन्नास पावलांवर उभं राहिलं आणि उडणारा मासा तिकडे गेला. मला अल्काबाईंनी नव्या चुन्यात पुन्हा बसवून घेतलं.

पण निघताना त्यांनी जमुनाबाईला एक गोष्ट सांगितली. शेंदूर आता चढवायचा नाही. तेल नाही, राख नाही, चिंच तर मुळीच नाही. भेगांतून शेंदूर झिलईखाली शिरतो आणि एक दिवस झिलईच उचलून टाकतो. जमुनाबाईने ऐकून घेतलं. ज्या हाताने मला झेललं, त्याच हाताला आता मला काही लावायची मनाई झाली.

या चैत्रात ती आली, तेव्हा हात रिकामे होते. रिकाम्या हातांनी देवीसमोर कसं उभं राहतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पदराशी चाळा करत ती म्हणाली, "आता तू देवी नाही म्हन्तेत, वस्तू होय म्हन्तेत. राहा मंग तशीच. मी काही यायची सोडत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सांगणं सोपं आहे. ते केशोरावही आता भाषणात सांगतात. मी एवढंच मागते: आमच्यापाशी आलात, तर हातातलं काहीही आम्हाला फासू नका, आणि मनातलंही नको. कोरडं फडकं पुरे. ते कसं फिरवायचं हे समजत नसेल, तर जमुनाबाईला विचारा. ती शिव्या देईल. ऐकून घ्या.