कावळ्याला दिलेला शब्द

घोडनदीच्या घाटावर दहाव्याचा पिंड ठेवून अर्धा तास झाला, तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर सात-आठ बसले होते, पण खाली यायला एकही तयार नव्हता.

"कायतरी राह्यलंय कुंडलिकचं," चुलते हौशीरामतात्या म्हणाले. "रामनाथ, बोल की रं."

रामनाथने वडिलांच्या पिंडासमोर हात जोडले. आईला सांभाळीन, म्हणाला. बांधाचं भांडण मिटवीन, म्हणाला. कावळे ढिम्म. मग त्याच्या तोंडून निघालं, "अण्णा, तुमचे समदे कॉम्प्युटर शाळंला देतो. तुमच्या नावाची लॅब करतो."

तेवढ्यात श्रद्धांजलीच्या भाषणाला येणाऱ्या पुढाऱ्याची गाडी घाटावर लागली. पिंडाभोवतीची माणसं तिकडं सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेत कावळा उतरला.

"जीव तिथंच अडकला व्हता!" तात्यांनी डोळे पुसले. पाचव्या मिनिटाला माइकवर लॅबची घोषणाही झाली.

बायकांत बसलेल्या आरतीने पदर दातांत धरला, पण रडू नव्हे, राग आवरायला. भावाशी भांडता आलं असतं. कावळ्याशी कसं भांडणार?

अण्णा संगणक दुरुस्त करायचे. तीस वर्षांत त्यांनी सतरा जमवले होते. एखादी पतसंस्था नाहीतर शाळा जुनं यंत्र टाकायला निघाली, की मंचरहून एसटीत मांडीवर घेऊन घरी आणायचे. मग त्याचं मॅन्युअल मिळेपर्यंत त्यांना चैन नसे. बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकाच्या मॅन्युअलसाठी नाशिकच्या निवृत्त मास्तरांना त्यांनी चार वर्षं पत्रं लिहिली होती. प्रत्येक मॅन्युअलच्या समासात त्यांची पेन्सिल फिरलेली असे. 'हे पान चुकलंय, आधी ही पिन तपासा.' 'पावसाळ्यात चालू करण्याआधी तासभर दिव्याजवळ ठेवा.' पुस्तक आणि यंत्र वेगळं केलं की दोन्ही मेली, असं ते आरतीला सांगायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेचा टेम्पो दारात उभा राहिला. कॉम्प्युटरचे सार्थक सर अण्णांच्या संगणकांच्या खोलीत डोकावले.

"पुस्तकं राहू द्या मॅडम, तेवढी जागा नाय. मशीनपण दोन ठेवू, शोकेसमध्ये."

"आणि बाकीची पंधरा?"

"पोरांकडं आता टॅब आलेत मॅडम. बघू काहीतरी."

"बघू म्हणजे भंगार."

सरांनी टेम्पोवाल्याला आत बोलावलं. आरती खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. तिचे दोन्ही हात चौकटीवर होते.

"ताई, बाजूला हो. लोक बघत्यात," रामनाथ म्हणाला.

"बघू देत."

"अगं, कावळा शिवलाय त्याच्यावर! दहा गावांच्या म्होरं शब्द दिलाय म्या."

"शब्द कावळ्याला दिलायस ना? मग त्यालाच पाठव न्यायला."

टेम्पोवाला फिसकन हसला. रामनाथचा चेहरा लाल झाला.

"अण्णांना काय हवं होतं, कधी विचारलंस त्यांना?" आरतीचा आवाज चढला नव्हता, फक्त कोरडा झाला होता. "एकदा तरी?"

"कवा विचारणार?" रामनाथ ओरडला. "ह्या खोलीत येऊ दिलं का मला? आठ वर्षांचा व्हतो. फ्लॉपी उलटी घातली म्हणून कानाखाली जाळ काढला. तवापासनं दार बंद. तुला समदं शिकवलं. मला एवढंच ठाव व्हतं, त्यांचा जीव ह्या डबड्यांत हाय. तेच बोललो मी!"

खोटं बोलत नव्हता तो. ती थप्पड आरतीने पाहिली होती, आणि नंतर दार आतून लावून घेताना तिला बरंही वाटलं होतं. कालपासून जपून ठेवलेला राग आता अण्णांकडेही वळला, तिच्याकडेही. पण त्यामुळे भावाच्या वाट्याचा कमी झाला नाही.

"सर, टेम्पो न्या," ती म्हणाली. "शाळेत सांगा, कुंडलिकच्या लेकीनं शब्द मोडला."

टेम्पो रिकामा वळला. रामनाथ मात्र हलला नाही. तो आत यायला बघतोय की तिला ढकलायला, हे तिला कळेना.

"अण्णांचं चुकलं," ती चौकटीवरचे हात न काढता म्हणाली. "माझंही चुकलं. पण यातलं एकही यंत्र भंगारात नि एकही पान रद्दीत जाणार नाही. काय करायचंय ते कर."